काळी चारचा मेघ: एकट्याचा पियानो, थोडा जॅझ आणि थोडाच लॅपटॉप

या लेखात एकच रचना बांधायची आहे. साधारण आठ मिनिटांची, सावकाश, एका माणसाने एका पियानोवर वाजवलेली. वर मेघ रागाचे सूर, खाली जॅझची हार्मनी आणि भोवती इलेक्ट्रॉनिक्सचा पातळ थर. तुम्हाला हार्मोनियम किंवा कीबोर्ड बऱ्यापैकी येतो, सरगम कळते आणि घरी लॅपटॉप आहे, एवढं मी धरून चाललोय. जॅझ शिकलेलं असण्याची गरज नाही. नाशिकमध्ये जॅझचा मास्तर शोधायला गेलात तर वर्ष जाईल.

सगळ्या लेखाला एक अट आहे. पियानोला जे जमत नाही तेवढंच काम इलेक्ट्रॉनिक्सला द्यायचं. पियानोचा स्वर हातोडी पडल्या क्षणापासून विझायला लागतो, तो धरून ठेवता येत नाही. त्याला मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, जमत नाही. तो खोलीबाहेर जाऊ शकत नाही. या तीन उणिवा भरायला लॅपटॉप. बाकी ठेका, बास, कॉर्ड हे सगळं दहा बोटांनी करायचं. ही अट सोडली की दोन दिवसांत तुमच्याकडे पस्तीस ट्रॅक होतात आणि पियानो ऐकू येईनासा होतो.

राग निवडताना गांधार टाळा

पियानोवर राग वाजवला की काहीतरी टोचतं, हे सगळ्यांना जाणवतं. बरेच जण त्याचं खापर मींड नसण्यावर फोडतात. ते अर्धंच खरं. दुसरं कारण गांधारात आहे. पियानोचं सप्तक बारा समान भागांत कापलेलं असतं, प्रत्येक भाग १०० सेंट. त्यामुळे पियानोचा शुद्ध गांधार षड्जापासून ४०० सेंटवर बसतो. तानपुऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा गांधार, ज्याला आपण स्वयंभू गांधार म्हणतो, तो ३८६ सेंटवर असतो. चौदा सेंटचा फरक कानाला चांगलाच कळतो. कोमल गांधाराची तऱ्हा उलटी, पियानोचा ३००, नैसर्गिक ३१६.

आता मेघ घ्या. सा रे म प आणि कोमल नी. गांधार नाही, धैवत नाही. हे पाच स्वर मध्यमाच्या उड्यांनी ओळीत लावून बघा: रे ते प, प ते सा, सा ते म, म ते नी. सगळा राग एकाच अंतराच्या साखळीत बसतो. या साखळीत नैसर्गिक आणि पियानोच्या स्वरांतला फरक जास्तीत जास्त चार सेंट निघतो. रे २०४ ऐवजी २००, म ४९८ ऐवजी ५००, प ७०२ ऐवजी ७००, नी ९९६ ऐवजी १०००. म्हणजे पियानोवर जवळजवळ सुरात असलेला राग हवा असेल तर तो हा.

आणि गंमत अशी की हीच साखळी जॅझवाल्यांनी वेगळ्या वाटेने गाठली. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या चौकडीत बसून पियानोवादक मॅकॉय टायनरने १९६०च्या दशकात डाव्या हाताने जे कॉर्ड वाजवले, ते तिसऱ्या स्वरावर तिसरा न रचता चौथ्यावर चौथा रचून केलेले. रे-प-सा-म-नी एकदम दाबलेत तर तुम्ही मेघचे सगळे स्वर वाजवले आणि जॅझचा एक परिचित कॉर्डही वाजवला. कुणावर काही लादावं लागलं नाही. राग आणि जॅझ यांचं लग्न लावायला निघालेली बरीच मंडळी यमन किंवा भैरवीपासून सुरुवात करतात आणि गांधारापाशी अडकतात.

सा काळी चारला धरा

हार्मोनियमवाल्यांना हे चटकन कळेल. सा काळी चार धरला तर रे काळी पाच, म काळी एक, प काळी दोन आणि कोमल नी काळी तीन. पूर्ण मेघ पाच काळ्या पट्ट्यांवर. पांढरीला बोट लागलं की तुम्ही रागाबाहेर.

सोय तर आहेच, पण खरा फायदा पुढे आहे. काळ्या पट्ट्या म्हणजे राग आणि पांढऱ्या म्हणजे जॅझ, अशी कीबोर्डची आयती वाटणी होते. कुठली पांढरी कधी वापरायची ते थोड्या वेळाने.

यापुढे मध्य सा म्हणजे कीबोर्डच्या मधल्या पांढरी एकच्या डावीकडची लगतची काळी चार.

वाद्याची ओळख करून घ्या

डिजिटल पियानो असेल तर ८८ पट्ट्या आणि हातोडीचा भार असलेली ॲक्शन हवी. हलक्या स्प्रिंगच्या कीबोर्डवर हे संगीत होत नाही, कारण सगळी मजा हळू वाजवण्यातल्या फरकांत आहे. एक परीक्षा करा. एकच पट्टी अगदी हलकी दाबा, मग जरा जोरात, मग आणखी, अशी वीसेक वेळा. कुठेतरी आवाजाचा रंग एकदम उडी मारतो. तिथे आतलं एक रेकॉर्डिंग संपून दुसरं सुरू झालेलं असतं. ती उडी तुमच्या नेहमीच्या वाजवण्याच्या पट्ट्यात येत असेल तर दुसरा पियानो साउंड निवडा किंवा टच सेटिंग ‘हेवी’ करा. पेडल अर्धं दाबलेलं ओळखणारं हवं. नुसतं चालू-बंद होणारं पेडल घेतलंत तर स्वर एकतर चिखल होतात नाहीतर तुटतात.

प्रत्येक वाद्याला एक वाईट भाग असतो, तोही शोधून ठेवा. जॅझ पियानोवादक कीथ जॅरेटची २४ जानेवारी १९७५ ची जर्मनीतल्या कलोनमधली मैफल यासाठी कायम सांगितली जाते. ठरलेला पियानो आलाच नाही, जो मिळाला तो लहान, वरच्या सप्तकांत पातळ आणि खाली दुबळा. तो मधल्या पट्ट्यांत राहिला आणि डाव्या हाताने तेच तेच घुमवत बसला. ती पळवाट होती असं कुणी म्हणो, मला तो चांगला नकाशा वाटतो. तुमच्या डिजिटल पियानोत वरची दोन सप्तकं प्लास्टिकसारखी लागत असतील तर तिकडे फिरकूच नका. आठ मिनिटांना मधली चार सप्तकं पुरतात.

खरा पियानो असेल तर भाग्यवान आहात आणि कामाला लागा. त्याला ४० ते ५० टक्के आर्द्रता मानवते. नाशिकच्या एप्रिलमध्ये हवा कोरडी ठणठणीत, लाकूड आकसतं आणि सूर उतरतो. जुलैत साउंडबोर्ड फुगतो आणि सूर चढतो. कूलर लावलेल्या खोलीत पियानो ठेवू नका, दिवसभर ओलं आणि रात्री कोरडं हा खेळ त्याला सोसत नाही. ट्यूनर बहुतेकदा मुंबई-पुण्याहून बोलवावा लागतो. म्हणून पाऊस लागून दोन-तीन आठवडे होऊ द्या, लाकूड स्थिरावू द्या, मगच त्याला फोन करा. पहिल्या वळवानंतर केलेलं ट्यूनिंग टिकत नाही.

चलन गाणाऱ्याकडून घ्या

पाच काळ्या पट्ट्या वर-खाली वाजवल्या म्हणजे मेघ होत नाही. तेच पाच स्वर मधमाद सारंगात आहेत. फरक चालण्यात. सारंगात रिषभ सरळ, ठाम उभा राहतो आणि उतरताना नी प म रे असं स्वच्छ खाली येणं चालतं. मेघात रिषभ मध्यमाला टेकून येतो, हलतो, डोलतो. म वरून रे वर घसरणं आणि रे वरून प ला उडी, या दोन हालचाली नसतील तर पाऊस पडत नाही.

ह्यासाठी पियानोचं पुस्तक बंद ठेवा आणि शास्त्रीय गाणाऱ्या कुणाकडे जा. नाशिकमध्ये ते अवघड नाही. विष्णु दिगंबर पलुसकरांनी आपला मुक्काम इथे हलवला होता, द. वि. पलुसकरांचा जन्म १९२१ साली इथलाच. गल्लोगल्ली संगीताचे वर्ग आहेत. ‘मला मेघचा फक्त आलाप ऐकवा, मी पियानोवर शोधतो’ असं सांगितलंत तर बहुतेक जण आनंदाने गातात. गायलेलं फोनवर घ्या, आणि स्वर लिहिण्याआधी श्वास लिहा: किती वेळ गायले, किती वेळ गप्प होते.

मग पियानोवर. मींड नाही, पण कण आहे. रे दाबायच्या किंचित आधी म ला स्पर्श करून बोट सोडायचं, पेडल मात्र धरलेलं. म ची सावली रे वर पडते. आंदोलनासाठी रे वर तीन-चार वेळा असाच म चा कण, प्रत्येक वेळी आधीपेक्षा हलका आणि मधलं अंतर वाढवत. एवढं एक जमेपर्यंत पुढे जाऊ नका. खरंतर या रचनेतलं निम्मं शिकणं इथेच संपतं.

डावा हात: झपताल

जॅझ पियानोवादक बिल एव्हान्सने डिसेंबर १९५८ मध्ये दोनच कॉर्ड डाव्या हातात झुलवत ठेवून त्यावर सहा-सात मिनिटं उजवा हात मोकळा सोडला होता. चिंतनशील एकल जॅझ पियानोचा विषय निघाला की ते वादन आठवतंच. आपला डावा हातही दोनच ठिकाणी झुलणार, फक्त चार मात्रांऐवजी दहा मात्रांत.

झपताल, दोन-तीन-दोन-तीन. पहिल्या मात्रेला मंद्र सा, दुसरी मोकळी. तिसरीला मंद्र प, चौथी मोकळी, पाचवीला मध्य सा. सहाव्या मात्रेला, म्हणजे खालीवर, मंद्र सा च्या लगत खालचा कोमल नी, सातवी मोकळी. आठवीला मंद्र म, नववीला मंद्र प, दहावी मोकळी. पेडल पहिल्या आणि सहाव्या मात्रेला बदलायचं.

लय मिनिटाला ६० मात्रा. एक आवर्तन दहा सेकंदांचं. खालीला बास एक पायरी उतरतो आणि समेला परत येतो, ही आपल्या कानाला ओळखीची गोष्ट आहे. मेट्रोनोमऐवजी शक्य असेल तर कुणाकडून तरी झपतालाचा ठेका वाजवून घ्या आणि त्यावर सराव करा. तबल्याची खाली कानात बसली की हात आपोआप तिथे हलका पडतो. रेकॉर्डिंगच्या वेळी मात्र ठेका नको.

उजव्या हाताला सुरुवातीला एकच नियम द्या: एका आवर्तनात एकच वाक्य. वाक्य समेला संपवायची सवय सोडा. चौथ्या मात्रेला संपवा, नवव्याला सुरू करा, कधी एक अख्खं आवर्तन काहीच वाजवू नका. जॅझची खरी गोष्ट कॉर्डांपेक्षा इथे आहे, डाव्या हाताच्या घड्याळाशी उजव्याने केलेल्या थट्टेत. मन लागत नसेल तर वाक्य मोठ्याने गुणगुणा. गाता येत नाही ते वाजवू नका.

पांढऱ्या पट्ट्या

चारेक मिनिटं फक्त काळ्या पट्ट्या ऐकल्यावर कान त्यांना सरावतो. आता बास पांढरीवर न्यायचा, वरचे स्वर तेच ठेवून.

पहिली जागा पांढरी सात, म्हणजे कोमल गांधार. खाली खोल तो वाजवा आणि वर तेच रे-प-सा-म-नी. ऐका काय होतं ते. प आता त्या बासचा गोड तिसरा झाला, रे त्याचा सातवा, म नववा. ओळखीच्या सुरांनी अचानक दुसरे कपडे घातले. उजव्या हाताने राग मोडलेला नाही, तरी घर बदललं.

दुसरी जागा पांढरी तीन, कोमल धैवत. इथे सा तिसरा होतो, प सातवा, आणि रे त्या बासपासून तीव्र मध्यमाच्या अंतरावर पडतो. हा आवाज तरंगता, थोडा अधांतरी. इथून परत सा वर यायला फार बरं वाटतं.

क्रम असा बसवा: सा वर दोन आवर्तनं, पांढरी सातवर एक, पांढरी तीनवर एक, परत सा. हा फेरा पूर्ण रचनेत दोनदाच. जास्त वेळा केलात की तो चित्रपटाच्या पार्श्वसंगीतासारखा वाटायला लागतो. शास्त्रीय संगीतातले तुमचे परिचित म्हणतील की मेघात कोमल गांधार बासला कसा काय. बरोबर आहे त्यांचं, म्हणूनच या रचनेला ‘राग मेघ’ म्हणून मिरवू नका. मेघावर आधारित म्हणा आणि विषय मिटवा.

ऐकायचं असेल तर तीन दिशांची नावं देतो. केपटाउनचा अब्दुल्ला इब्राहिम, ज्याच्या डाव्या हातात चर्चची प्रार्थना आणि आफ्रिकेचा ठेका एकत्र आहे. आर्मेनियाचा टिग्रान हमास्यान, आपल्या लोकगीतांना विषम मात्रांत घेऊन जाणारा. नॉर्वेचा बुगे वेसेलटॉफ्ट, पियानो आणि इलेक्ट्रॉनिक्स एकाच टेबलावर मांडणारा. तिघांची नक्कल करू नका, प्रत्येकाने आपल्या गावातलं काय उचललं तेवढं बघा.

लॅपटॉपला द्यायची तीन कामं

पहिलं काम, धरून ठेवलेला स्वर. तानपुऱ्याचं ॲप काळी चारला लावा आणि रेकॉर्ड करून एका ट्रॅकवर ठेवा. खरा पियानो असेल तर तानपुरा पियानोला जुळवा, उलट नाही. मग त्या ट्रॅकवर लो-पास फिल्टर लावून साधारण १,५०० हर्ट्झच्या वरचा भाग बोथट करा आणि आवाज पियानोच्या खूप खाली, वीसेक डेसिबल, ठेवा. बंद केल्यावरच तो होता हे कळायला हवं.

आणि एक महत्त्वाचं. बास पांढरी सातवर गेला की तानपुरा पूर्ण काढून घ्यायचा. कारण तानपुऱ्यातून स्वयंभू गांधार उमटत असतो, शुद्ध, आणि तुम्ही खाली कोमल गांधार वाजवताय. दोघं एकमेकांचे केस ओढतात. एक आवर्तन आधीपासून हळूहळू फेडर खाली आणा, सा वर परतल्यावर हळूहळू वर. तानपुरा जातो आणि येतो ही हालचालच त्या फेऱ्याचं नाट्य आहे.

दुसरं काम, मींड. एक साधा, जवळजवळ साइन वेव्हसारखा सिंथ आवाज घ्या. स्वर वर-खाली सरकवणाऱ्या पिच बेंडच्या चाकाची मर्यादा नेहमी दोन सेमीटोन असते, ती तीन करा, कारण म ते रे हे अंतर तीन सेमीटोनचं आहे. आता चाक पूर्ण वर ढकलून ठेवा आणि रे ची पट्टी दाबा. ऐकू येईल म. मग चाक सावकाश सोडा, स्वर घसरत रे वर येतो. उलट करू नका, म्हणजे म दाबून चाक खाली ओढू नका. चाक सोडल्यावर स्प्रिंगने ते मधोमध येऊन थांबतं, त्यामुळे उतरण्याची जागा अचूक सुरात मिळते. ही मींड पूर्ण रचनेत तीन-चार ठिकाणीच, पियानो थांबलेला असताना. आवाज इतका लांबचा ठेवा की ऐकणाऱ्याला ती पियानोतूनच आली असं वाटावं.

तिसरं काम, न जुळणारे लूप. पियानोवर एक मध्य प हलका वाजवा, रेकॉर्ड करा. त्याची सुरुवातीची ठोक फेड-इन देऊन पुसा, म्हणजे उरते फक्त शेपूट. ती उलटी फिरवा. हा झाला पहिला लूप, आजूबाजूला शांतता धरून त्याची लांबी १९ सेकंद. दुसऱ्यात रे आणि म एकदम, तसेच पुसलेले, लांबी ३१ सेकंद. १९ आणि ३१ एकमेकांना भाग जात नाहीत, म्हणून दोन्ही पुन्हा पहिल्यासारखे एकत्र सुरू व्हायला ५८९ सेकंद लागतात, जवळजवळ दहा मिनिटं. आपली रचना आठ मिनिटांची. म्हणजे तुकडे दोनच असूनही त्यांची जुळणी एकदाही तीच होत नाही. ब्रायन ईनोने १९७८ मध्ये विमानतळासाठी केलेल्या संगीतात वेगवेगळ्या लांबीच्या टेपच्या वेटोळ्यांनी हेच केलं होतं. त्याला कात्री आणि टेप लागली, तुम्हाला रीपर किंवा ऑडॅसिटीसारखं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर पुरे.

एवढंच. ड्रम मशीन नको, पॅड नको, बासरीचा सँपल तर मुळीच नको.

गोदावरी, पत्र्यावरचा पाऊस आणि संबळ

खोलीबाहेरचा आवाज आणायचा तर तो तुमच्या ओळखीचा असू द्या. इंटरनेटवरून उतरवलेला ‘भारतीय नदीकाठ’ लगेच ओळखू येतो.

रामकुंडावर रेकॉर्डिंग करायचं तर पहाटे, गर्दी आणि भोंगे सुरू व्हायच्या आत. नुसतं पाणी हवं असेल तर सोमेश्वरचा धबधबा, पण गंगापूर धरणातून पाणी किती सोडलंय त्यावर त्याचा आवाज अवलंबून. फार पाणी असलं की तो एकसारखा खरखराट होतो, जो पियानोखाली निव्वळ बिघाड वाटतो. मध्यम पाणी बघून जा. गोदेच्या पुराची खूण मानल्या जाणाऱ्या दुतोंड्या मारुतीला पाणी लागलंय अशी बातमी असेल त्या दिवशी माइक घेऊन नदीवर जाण्याचा मोह टाळा. घरी बसून पत्र्यावरचा पाऊस घ्या, मेघाला तोच जास्त शोभतो. पत्र्याच्या थेंबांत मधूनमधून वेगळा टपकणारा थेंब असतो, माइक त्याच्या जवळ.

थंडीत निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरला जाता आलं तर उत्तम. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळचं हे पाणथळ २०२० मध्ये रामसर यादीत आलं, महाराष्ट्रातलं पहिलं. उजाडताना पक्ष्यांचे थवे उठतात तेव्हाचा पंखांचा आवाज मिळाला तर इलेक्ट्रॉनिक्सची निम्मी गरज संपते. माइकला केसाळ वाऱ्याचं आवरण हवंच, नाहीतर घरी आल्यावर फक्त भडभड ऐकू येते. फोनवर घेत असाल तर वेव्ह फॉरमॅटमध्ये घेणारं ॲप वापरा.

लोकवाद्याचं जरा जपून. वणीच्या गडावर किंवा कुठल्याही गोंधळात संबळ ऐकला की तो उचलावासा वाटतो. वादकाशी बोला, कशासाठी हवंय ते सांगा, ठरवून मानधन द्या आणि श्रेयनामावलीत त्याचं नाव घाला, जसं तुमचं घालता तसं. मग त्याचा ठेका लूप करू नका. खर्जातल्या तोंडाचा एकच घुमारा घ्या आणि ऑडॅसिटीतल्या पॉलस्ट्रेचने तो तीसेक सेकंदांपर्यंत ताणा. चामडं, लाकूड आणि हवा यांचा जो गडगडाट निघतो तो ढगांचा वाटतो, आणि आठ मिनिटांत एकदाच, पांढरी तीनवर गेलात तेव्हा, पुरतो.

पेठ-सुरगाण्याकडचा तारपा मिळाला तर त्याला सॉफ्टवेअरने पियानोच्या सुरात ओढू नका. त्याचा सूर त्याचा आहे. रचनेच्या अगदी सुरुवातीला, पियानो सुरू व्हायच्या आधी, एकटा वाजू द्या.

रेकॉर्डिंगचा दिवस

नाशिकमध्ये शांत वेळ शोधणं हे वेगळं शास्त्र आहे. गणपतीच्या आधीचे काही आठवडे संध्याकाळी नदीकाठी ढोलपथकांचा सराव, सिंहस्थाच्या कामांचे ड्रिल, सकाळी घंटागाडीचं गाणं. रविवारी दुपारी दोन ते चार किंवा रात्री अकरानंतर. फ्रीज बंद करा, आणि गाडीची चावी फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे तो परत चालू करायला विसरणार नाही.

विजेच्या गुणगुणण्याकडे या रचनेत खास लक्ष हवं. आपली वीज ५० हर्ट्झची. पियानोवरचा खोल सा, म्हणजे डावीकडची पहिली काळी चार, ५१.९ हर्ट्झचा. म्हणजे अर्थिंग खराब असेल तर रेकॉर्डिंगमध्ये साधारण दोन-तृतीयांश सेमीटोन उतरलेला एक बेसूर सा सतत वाजत राहतो. दुसऱ्या पट्टीत तो नुसती खरखर म्हणून खपून जातो, इथे नाही. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, सगळी यंत्रं एकाच प्लगबोर्डवर घ्या, इन्व्हर्टरपासून लांब बसा.

डिजिटल पियानोचा ऑडिओ आणि मिडी, म्हणजे कुठली पट्टी कधी आणि किती जोरात दाबली याची नोंद, दोन्ही एकाच वेळी रेकॉर्ड करा. खऱ्या उभ्या पियानोला वरचं झाकण उघडून दोन कंडेन्सर माइक, खालचे आणि वरचे स्वर वाटून घेतील असे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, सगळ्यात मोठा स्वर उणे १२ डेसिबलच्या आसपास. वाजवताना तानपुरा हेडफोनमध्ये एकाच कानात ठेवा, दुसरा कान खोलीसाठी. आणि पूर्ण आठ मिनिटं एका दमात वाजवा. तुकडे जोडून श्वास तयार होत नाही. मधे कुठे बोट घसरलं तर ठेवा, कुत्रं भुंकलं तर परत वाजवा.

खोली बनवणं

रिव्हर्बसाठी, म्हणजे खोलीच्या घुमाऱ्यासाठी, महागडे प्रीसेट शोधण्याऐवजी स्वतःची खोली घ्या. एखाद्या चारमजली इमारतीचा जिना किंवा तळघरातलं पार्किंग पुरेल. फुगा फुगवा, शेजाऱ्यांना आधी सांगा, चार-पाच मीटरवर रेकॉर्डर ठेवा आणि फुगा फोडा. आवाज घुमून पूर्ण विरेपर्यंत हलू नका. हे रेकॉर्डिंग कन्व्होल्यूशन रिव्हर्बमध्ये, म्हणजे खऱ्या जागेचा घुमारा आवाजाला देणाऱ्या प्लगइनमध्ये, घातलं की तुमचा पियानो त्या जिन्यात वाजायला लागतो. पंचवटीतल्या एखाद्या जुन्या वाड्याचा चौक मिळाला तर फारच छान, लाकडी तुळयांमुळे तिथला घुमारा मऊ लागतो. पांडवलेणीत फुगे फोडायला जाऊ नका, ते संरक्षित स्मारक आहे.

रिव्हर्बमधून २०० हर्ट्झच्या खालचं काढून टाका, नाहीतर डावा हात धुक्यात जातो. थेट आवाज आणि घुमारा यांत ४० मिलिसेकंद अंतर ठेवा, पियानो पुढे उभा राहतो. मींडेच्या सिंथला आणि लूपना मात्र भरपूर रिव्हर्ब, त्यांची ओळख पुसायचीच आहे. डीले लावलाच तर ७५० मिलिसेकंदांचा, म्हणजे पाऊण मात्रेचा, तोही फक्त उजव्या हाताच्या शेवटच्या वाक्याला.

आवाज मोठा करायच्या शर्यतीत पडू नका. स्ट्रीमिंगवाले आवाज साधारण उणे १४ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचं माप) आणून ठेवतात, म्हणून लोक तिथपर्यंत दाबतात. अशा रचनेला उणे १८ ठीक आहे. कॉम्प्रेसर लावून तिथवर ओढली की सगळ्यात आधी कण मरतो, ज्यासाठी एवढी मेहनत केली तो.

लोकांसमोर

कालिदास कलामंदिरात हे करू नका, निदान पहिल्यांदा तरी. तीस-चाळीस माणसांची घरगुती बैठक किंवा एखादं छोटं सभागृह बघा. स्पीकर प्रेक्षकांच्या दोन्ही कडांना न लावता पियानोच्या मागे, वाद्याच्याच दिशेने ठेवा. तानपुरा आणि लूप पियानोतून येतायत असं वाटायला हवं, भिंतींतून नाही.

लॅपटॉपचा पडदा प्रेक्षकांकडे उजळत राहणार नाही असा ठेवा आणि वाजवताना त्याला हात लावू नका. दोन बटणांचा फूटस्विच घ्या: एकाने तानपुरा आत-बाहेर, दुसऱ्याने लूप सुरू. मींडेसाठी डावा हात चाकावर जाणार, त्या आवर्तनात झपताल बंद ठेवून पेडलवर धरलेला सा पुरेल. फूटस्विच उजव्या पेडलपासून वीतभर डावीकडे, डाव्या टाचेखाली, आणि खाली चिकटपट्टीने पक्का. फरशीवर तो सरकतो, आणि नेमका पांढरी सातच्या आधी सरकतो.

जाताना स्वतःचा प्लगबोर्ड, दोन जादा केबल आणि टेस्टर न्या. हॉलवर पोचल्यावर पियानो उघडायच्या आधी सॉकेटचं अर्थिंग तपासा. मग खोल सा दाबून धरा आणि त्याच्या शेजारी ती पन्नास हर्ट्झची गुणगुण ऐकू येते का ते बघा. येत असेल तर त्या दिवसापुरता सा बदलून पांढरी सहाला घ्या. मिडीवर वाजवत असाल तर ट्रान्स्पोजचं बटण एकदा दाबायचं, बोटं काळ्यांवरच राहतात. मात्र तानपुरा आणि दोन्ही लूपही एक सेमीटोन वर न्यायला विसरू नका.